त्याच रस्त्याने पुन्हा: थर आणि रणाच्या छायाचित्रणाकडे

वन्यजीव छायाचित्रण म्हटले की मराठी वाचकांच्या मनात आधी ताडोबा येते. पाणवठ्यावर उतरलेला वाघ, बांबूच्या बेटातून डोकावणारा गवा, सागाच्या पानगळीतून जाणारी जिप्सी ही दृश्ये आता घरोघरच्या दिनदर्शिकांवर पोचली आहेत, आणि त्यामागे छायाचित्रकारांच्या दोन-तीन पिढ्यांची मेहनत आहे. त्या मानाने विरळ झाडीच्या, क्षितिजापर्यंत आडपडदा नसलेल्या मुलखाकडे आपले लक्ष कमी गेले. जैसलमेरची सहल होते, रणोत्सवाच्या तंबूत दोन रात्री होतात, मावळत्या सूर्यासमोरचा उंट कॅमेऱ्यात येतो आणि वाळवंट पाहून झाले असे आपण धरून चालतो. उंटाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या सूर्यास्ताच्या आधी आणि नंतरही तिथे पुष्कळ काही घडत असते. त्याची ओळख करून द्यावी, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

या पुस्तकापुरता मुलूख दोन भागांत मोडतो. पहिला थरचे वाळवंट. अरवलीच्या पश्चिमेपासून सिंधपर्यंत पसरलेला हा सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश. त्याचा मोठा हिस्सा भारतात, मुख्यतः पश्चिम राजस्थानात आहे. दुसरा भाग म्हणजे कच्छचे मोठे आणि छोटे रण. दोन्ही कोरडे, दोन्ही लांबून सपाट वाटणारे. घडण मात्र निराळी. थर वाऱ्याने रचले आहे, तर रण हा समुद्राने सोडून दिलेला गाळाचा तळ आहे आणि दर पावसाळ्यात समुद्र त्यावर आपला हक्क सांगायला येतोच. मुंबई-पुण्याहून निघालेल्या माणसाला दोन्हीकडे स्वतःच्या गाडीने जाता येते. अहमदाबाद, विरमगाम, दसाडा या वाटेने छोट्या रणाच्या काठावर उतरता येते. पालनपूर, सांचोर, बाडमेर या वाटेने जैसलमेर गाठता येते. या पुस्तकातली बहुतेक छायाचित्रे याच दोन रस्त्यांच्या आजूबाजूची आहेत.

एका फेरीत हा मुलूख हाती लागत नाही, आणि त्याचे कारण पाऊस हे आहे. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस होतो. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवसात तेवढा पडून जातो. शिवाय तो दरसाल सारखा नसतो. एखाद्या ऑगस्टमध्ये वेळेवर चार सरी झाल्या तर सेवण गवत गुडघ्याला लागते, टोळ आणि नाकतोडे माजतात, हिवाळ्यात त्यांच्यामागे भोवत्यांसारखे शिकारी पक्षी उतरतात, खोकडाच्या बिळाबाहेर पिल्ले खेळताना दिसतात. पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला की त्याच माळावर नुसती भुई उरते. दोन्ही चित्रे खरी आहेत आणि एकाच माळाची आहेत. ज्याने त्यातले एकच पाहिले त्याला हा माळ अर्धाच कळला. म्हणून त्याच रस्त्याने पुन्हा पुन्हा जाणे ही इथली कामाची रीत आहे, आणि हे पुस्तक त्या रीतीबद्दल आहे.

गाडीतून देश पाहण्याची आणि टिपण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. जयपूरला जन्मलेले रघुवीर सिंह (१९४२–१९९९) हे रंगीत छायाचित्रणातले जगभर मानलेले नाव. त्यांचे राजस्थानवरचे पुस्तक १९८१ साली आले. ते आयुष्यभर देशातले रस्ते तुडवत राहिले आणि त्यांच्या निधनानंतर निघालेल्या एका पुस्तकात ॲम्बॅसिडर गाडी हीच जणू नायिका आहे: तिची काच, तिचे दार, तिचा आरसा यांच्या चौकटीतून दिसणारा भारत. ते वन्यजीव छायाचित्रकार नव्हते. तरीही वाळवंटाकडे निघालेल्या प्रत्येकाने त्यांचे काम एकदा निवांत पाहावे असे मला वाटते. गाडी ही केवळ पोचण्याची सोय आहे, असे मग वाटेनासे होते.

निसर्गाभ्यासाच्या बाजूने पाहिले तर आपल्याला अभिमान वाटावा असा धागा मुंबईतून निघतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ ची. तिच्याशी जन्मभर जोडले गेलेले सालिम अली यांनी कच्छ पायाखाली घातला आणि १९४५ मध्ये कच्छच्या पक्ष्यांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मोठ्या रणातल्या रोहित पक्ष्यांच्या वसाहतीला त्यांनी भेट दिली. चिखल, खार आणि उन्हातून त्या जागी पोचणे हेच तेव्हा एक काम होते. आज आपण वातानुकूलित गाडीतून, फोनवर नकाशा उघडून जातो. सोय वाढली तशी आपल्या टिपणांची खोलीही वाढावी, एवढी अपेक्षा त्या पिढीने केली असती तर ती रास्तच म्हणावी लागेल.

आता रणाकडे वळू. वाचकांनी सुरुवात छोट्या रणापासून करावी अशी माझी शिफारस आहे. ते आपल्याला जवळ आहे, आणि वाळवंटी छायाचित्रणातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिथे एका दिवसात भेटतात. १८१९ च्या भूकंपात मोठ्या रणाच्या वायव्येला जमिनीचा एक लांबलचक पट्टा वर उचलला गेला. लोकांनी त्याला अल्लाहबंध असे नाव दिले. म्हणजे ही भूमी स्थिर नाही, आणि दरवर्षीच्या पाण्याने तर ती नव्याने लिंपली जाते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा खाडीचे पाणी आत लोटतो, वरून बनास, रूपेणसारख्या नद्या उतरतात आणि छोटे रण उथळ जलाशय होऊन जाते. मधल्या उंचवट्यांना बेट म्हणतात. पावसाळ्यात ती अक्षरशः बेटे असतात. ऑक्टोबरनंतर पाणी आटते, मीठ वर येते, अगरिये कुटुंबकबिल्यासह रणात उतरतात आणि पुढचे सात-आठ महिने जमिनीखालचे खारे पाणी उपसून मिठाची शेती करतात.

पाणी ओसरले म्हणजे भुई वाळली असे नाही. वरचा कडक पापुद्रा तापलेल्या दुधावरच्या सायीइतकाच फसवा असतो. खाली काळा, चिकट गाळ महिनोन्‌महिने ओला राहतो. गाडीचे चाक त्यात गेले की आधी कर्र असा आवाज येतो, मग गाडी एका बाजूला कलते, आणि त्यानंतर ॲक्सिलरेटर दाबणारा माणूस स्वतःचीच कबर खोदतो. जुन्या चाकोऱ्या सोडू नयेत, आणि चाकोरी ओली दिसली तर तीही सोडून मागे फिरावे. स्थानिक वाटाड्या बरोबर असणे रणात चैनीत मोजू नये. रण त्याच्या अंगणात आहे. गेल्या आठवड्यात कुठली वाट वाळली आणि कुठली अजून धोक्याची आहे, हे कुठल्याही उपग्रहाच्या नकाशावर नसते, ते त्याला ठाऊक असते.

कॅमेऱ्याच्या दृष्टीने रणातली पहिली परीक्षा पांढऱ्याची. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. त्यामुळे मिठाचे पांढरेशुभ्र पटांगण चित्रात मळक्या धुण्यासारखे उतरते आणि त्यावर उभे असलेले रानगाढव काळपट होते. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉपने, कधी दीड-पावणेदोन स्टॉपने वाढवावे लागते. किती वाढवायचे हे पडद्यावरच्या चित्रावरून ठरवू नका, कारण भर उन्हात पडदा धड दिसतच नाही. हिस्टोग्रामचा उजवा कडेलोट होत नाही ना, एवढे पाहा. हे तंत्र शिकायला पाच मिनिटे लागतात. हाताच्या सवयीचे व्हायला मात्र दोन हिवाळे जातात.

दुसरी परीक्षा उन्हाच्या झळांची. जमीन तापली की तिच्यालगतची हवा पातळ होते, वरची थंड हवा दाट राहते आणि प्रकाशाचे किरण वाकत, थरथरत आपल्यापर्यंत येतात. सहाशे मिलिमीटरची लेन्स लावून दोनशे मीटरवरचा प्राणी टिपला की डोळा, मिशी, केस सगळे पाण्यात बुडाल्यासारखे हलते. नवखे लोक लेन्सला दोष देतात, कोणी ती दुरुस्तीला पाठवतात, कोणी थेट महागडी नवी घेतात. इलाज साधा आहे: अंतर कमी करा, किंवा सकाळी लवकर या. हिवाळ्यातही दहाच्या पुढे लांबच्या अंतरावरून स्पष्ट चित्राची आशा धरू नये. उलट, झळा हाच विषय केला तर तीच वेळ सोन्याची ठरते. दूरवर रानगाढवांची रांग जाते, त्यांच्या पायांखाली आकाशाचे प्रतिबिंब पडते आणि ती निळ्या पाण्यावरून चालल्यासारखी दिसतात. तिथे पाणी नसते, पण मृगजळ कॅमेऱ्यातही येते. ते डोळ्यांचा भास नसून प्रकाशाची खरीखुरी वाट आहे.

रानगाढवाबद्दल दोन शब्द अधिक लिहायला हवेत. कच्छी लोक त्याला घुडखर म्हणतात. १९६९ च्या गणतीत ही गाढवे जेमतेम ३६२ उरली होती. रोगराईने कळप साफ झाले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अभयारण्य झाले आणि २०२४ च्या गणतीत हा आकडा साडेसात हजारांच्या पुढे गेला. भारतीय वन्यजीव संवर्धनातली ही एक मोठी यशोगाथा आहे. वाघाच्या गोष्टीइतकी ती घराघरांत पोचली नाही, याला आपल्या छायाचित्रकारांची उदासीनताही थोडी कारणीभूत असावी. त्यातून जी छायाचित्रे दिसतात त्यांतली बरीच चौखूर धावणाऱ्या कळपाची. धूळ उडते, आयाळ उभी राहते, चित्र झकास येते. वाचकांनी असे चित्र पाहताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: तो कळप कशापासून पळत होता? पुष्कळदा उत्तर असते, छायाचित्रकाराच्या जीपपासून. शिंगरे पावसाळ्याच्या सुमारास जन्मतात आणि हंगाम उघडतो तेव्हा ती लहानच असतात. वाटाड्या उत्साहाने गाडी पिटाळू लागला तर त्याला हात जोडून सांगा की घाई नाही, इथेच थांबू. इंजिन बंद करून अर्धा तास बसलात तर कळप चरत चरत आपणहून जवळून जातो. दोन नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांच्या मानेला चावे घेतात, ते दृश्य थांबलेल्या गाडीलाच मिळते.

थरमध्ये गेल्यावर मात्र डोळ्यांना नवे वळण लावावे लागते. इथे लोक वाळू शोधत जातात आणि सम किंवा खुडीच्या टेकड्यांवर थांबतात. टेकड्या सुंदर आहेत यात वाद नाही. वाऱ्याच्या बाजूने उतार मंद असतो, आडोशाच्या बाजूने वाळू घसरून तीस-बत्तीस अंशांची धार तयार होते, आणि पहाटे त्या धारेवर अर्धा उजेड, अर्धी सावली पडते. पण पर्यटकांच्या जीप आणि उंट दिवसभर त्यावरून फिरत असतात; अस्पर्श लाटा हव्या असतील तर रात्रभर वारा वाहून गेल्यानंतरची पहाटच गाठावी लागते. शिवाय थरचा फार मोठा भाग वाळूच्या टेकड्यांचा नाहीच. तो गवताचा, खडकाळ माळाचा, खेजडी, रोहिडा, केर आणि फोगच्या झुडपांचा आहे. जैसलमेरजवळ आकल येथे तर झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडले आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे. वाळवंटात उभे राहून जंगलाचे अवशेष टिपण्याची संधी फार ठिकाणी मिळत नाही.

निसर्गदृश्यासाठी नवा माणूस रुंद कोनाची लेन्स लावतो. वाळवंट मोठे आहे, तेव्हा सगळे मावायला हवे, असा त्यामागचा हिशेब. चित्र पाहिले की खाली नुसती माती, वर नुसते आकाश आणि मधे बारीकशी रेघ. मी तुम्हाला उलट सुचवेन. सत्तर ते दोनशे मिलिमीटरची लेन्स लावा. तिच्यातून टेकड्यांच्या रांगा एकमेकींजवळ येतात, दूरची ढाणी, म्हणजे छोटी वस्ती, आणि तिच्यामागचा उतार यांचे नाते दिसते, एकुलत्या खेजडीखाली बसलेल्या शेळ्या दृश्याला माप देतात. आणि रोहिड्याला विसरू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने कमी आणि केशरी-पिवळी फुले भरपूर अशा अवस्थेत ते झाड उभे असते. त्यावर मैना, बुलबुल यांची झुंबड असते. राजस्थानने त्याच्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला तो उगाच नव्हे.

छोट्या प्राण्यांत माझे मन सर्वात जास्त रमते ते सांडा या सरड्यात. छोट्या रणाच्या कडेला, ताल छापरच्या आसपास आणि जैसलमेरच्या कडक माळावर तो बिळात राहतो. रात्री आतून मातीने तोंड बंद करून घेतो. सकाळी ऊन चढल्यावर ती माती किंचित हलते, भोक पडते आणि बोथट नाकाचे डोके बाहेर येते. मग बराच वेळ काहीच होत नाही. तो फक्त वर पाहत असतो, कारण त्याचा खरा शत्रू आकाशातून येतो: लग्गड ससाणा त्याच्यावर टपलेला असतो. धोका नाही अशी खात्री पटली की तो निम्मा बाहेर येतो, पुन्हा थांबतो, शेवटी काटेरी कड्यांची जाड शेपटी ओढत पूर्ण बाहेर येऊन जमिनीला चिकटून पसरतो. थंड असताना त्याचा रंग काळपट असतो, ऊन खाता खाता तो फिका होत जातो. छायाचित्रकाराची पंचाईत अशी की माती तापल्याशिवाय हा बाहेर येत नाही, आणि माती तापली की झळा सुरू होतात. लांबून चित्र साधत नाही. म्हणून आधीच बिळापासून पाच-सहा मीटरवर जमिनीवर पालथे पडून राहायचे, लेन्स जवळजवळ मातीला टेकवायची आणि सावलीही हलू द्यायची नाही. बिळावर पाय देऊ नये, तोंड उकरू नये. बाजारात याचे तेल विकणाऱ्यांनी आधीच त्याची पुरेशी हानी केली आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचा अनुभव फलोदीजवळच्या खीचन गावात येतो. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून येणारे कुरजा, ज्यांना आपल्याकडे कांड्या करकोचा म्हणतात, सप्टेंबर ते मार्च इथे हजारोंच्या संख्येने असतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना धान्य घालत आले आहेत. त्यासाठी कुंपण घातलेले चुग्गाघर आहे. २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सकाळी थवे आधी गावाबाहेरच्या वाळूवर उतरतात, तिथे खूप वेळ घुटमळतात, मग काही धीट पक्षी घिरट्या घेतात आणि अचानक सगळे आकाश खाली येते. आवाजाने शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. पहिल्या भेटीत प्रत्येक जण थव्याचे चित्र काढतो, काढावेच. दुसऱ्यांदा जाल तेव्हा लाल डोळ्यामागून मागे झुकलेला पांढरा तुरा पाहा. तिसऱ्यांदा गावाकडे पाहा: गच्चीवर वाळत घातलेली रजई, शाळेत निघालेली मुले, दाराशी उभी म्हातारी आणि वरून जाणारी रांग. माझ्या मते खीचनचे खरे छायाचित्र पक्षी आणि माणसे एका चौकटीत असलेले आहे, आणि ते फार थोड्यांनी काढले आहे.

माळढोकाविषयी लिहिताना मराठी माणसाचा हात जरा जड होतो. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तो पक्षी आपल्या माळावर होता आणि आपल्या डोळ्यांदेखत गेला. आज जगातले बहुतेक माळढोक जैसलमेर जिल्ह्यात आहेत, तेही दीडशेच्या घरात किंवा त्याहून कमी. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. राष्ट्रीय मरू उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे असले तरी पक्षी हद्दीचे दगड पाहून उडत नाहीत. पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याला बाजूचे चांगले दिसते, नाकासमोरचे कमी, आणि एवढ्या वजनाला ऐनवेळी वळता येत नाही. वाटेत विजेची तार आली की धडक बसते. वारा आणि ऊन या दोन्हींच्या विजेसाठी जैसलमेर आज देशात अग्रेसर आहे, त्यामुळे तारांचे जाळे दाट होत गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माळढोकाच्या क्षेत्रात तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये त्यात बदल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. समला २०१९ पासून कृत्रिम प्रजननाचे काम चालू आहे आणि तिथे पिल्ले वाढत आहेत.

छायाचित्रकाराचा यात काय संबंध? संबंध असा की तार चौकटीत येते आणि आपण ती पुसतो. आजच्या सॉफ्टवेअरला ते काम क्षणाचे आहे. कितीतरी सुरेख चित्रांतून खांब, तारा, पवनचक्क्या गायब केलेल्या असतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की हा माळ अजून जसाच्या तसा आहे. माझे मत वाचकांना पटेल न पटेल, पण ते स्पष्ट सांगतो: तार राहू द्या. आपल्याला वीज हवी आहे आणि माळढोकही हवा आहे, हा पेच ज्या चित्रात दिसतो ते चित्र पंचवीस वर्षांनी कामाला येईल. त्याच वळणावरून, त्याच दिशेने, वर्षागणिक काढलेली चित्रे शेजारी मांडली की माळावर काय उभे राहिले आणि काय नाहीसे झाले याचा पुरावा तयार होतो. असा पुरावा एका फेरीत कोणालाच देता येत नाही. बन्नीचे उदाहरण घ्या. कच्छमधल्या या प्रसिद्ध गवताळ प्रदेशात १९६० च्या सुमारास वेडी बाभूळ लावली गेली आणि तिने गवत गिळत नेले. तिच्याआधीच्या बन्नीची पुरेशी चित्रे आपल्याजवळ असती तर आजच्या अनेक वादांना आधार मिळाला असता.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला उशिरा कळते. सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली पुष्कळ जमीन प्रत्यक्षात ओरण असते, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे कुऱ्हाड चालत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या देवरायांची ही कोरड्या मुलखातली भावंडेच. जैसलमेरजवळच्या देगराय मातेच्या ओरणासारख्या जागांत झाडे, गुरे, गिधाडे आणि मेंढपाळ एकत्र नांदतात. जोधपूरच्या बाजूला बिश्नोई गावांत चिंकारा माणसाला फारसा बुजत नाही. १७३० मध्ये खेजडलीला अमृतादेवी आणि त्यांच्यासह ३६३ माणसांनी खेजडीची झाडे वाचवताना प्राण दिले, त्या परंपरेचे हे आजचे रूप. तेव्हा चिंकाऱ्याचे जवळचे चित्र मिळाले तर त्यातले निम्मे श्रेय गावाला द्यायला हवे. माणसांचे फोटो विचारून काढावेत, अगरियांच्या झोपडीत चहा मिळाला तर आधी चहा घ्यावा. कॅमेरा नंतर.

सामानाविषयी सविस्तर प्रकरण पुढे आहे, म्हणून इथे थोडक्यात. गाडी हेच उत्तम लपण आहे. गाडीला न घाबरणारा प्राणी दार उघडून माणूस उतरला की पळतो. काचेवर ठेवायला बीन बॅग रिकामी न्यावी आणि तिथे पोचल्यावर तांदळाने भरावी. परतताना तांदूळ कोणाच्या तरी घरी उपयोगी पडतात. वाऱ्यात लेन्स बदलू नये, धूळ तोंडाने फुंकू नये, हातपंप वापरावा. मऊ वाळूत टायरमधली हवा कमी करावी लागते, म्हणून हवा भरायचा छोटा पंप गाडीत हवाच. सीमेलगतच्या भागात परवाने लागतात आणि ड्रोनचा विचारही परवानगीशिवाय करू नये. माळढोकाचे किंवा कोणत्याही घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलावणे तर सरळ सोडूनच द्यावे.

एवढ्या लांब जाण्याआधी सराव करायचा असेल तर आपल्याच दारात सोय आहे. बारामतीजवळ सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी आहे, कर्जतजवळ रेहेकुरीत काळवीट आहेत, इंदापूरकडच्या कडबनवाडीच्या माळावर खोकड दिसते. उघड्या माळावर प्राण्याला कुठल्या अंतरापासून आपण खुपू लागतो, वारा कुठून येतो आहे, सूर्य पाठीशी ठेवला की काय हरवते, हे सगळे तिथे दोन-चार रविवारांत कळते. दख्खनचा माळ आणि थरचा माळ यांत पुष्कळ प्राणी सामाईक आहेत. ज्याने सुप्याला धीर धरायची सवय केली, त्याला थरमध्ये गेल्यावर फार शिकावे लागत नाही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम ऋतूंप्रमाणे लावला आहे, ठिकाणांप्रमाणे नाही. त्यामुळे छोटे रण तुम्हाला तीन वेळा भेटेल, खीचन दोनदा. वाचकांनी वाटल्यास उड्या मारत वाचावे. मात्र प्रत्येक चित्राखालची तारीख, वेळ आणि त्या वर्षीच्या पावसाविषयीची ओळ वगळू नये; चित्राइतकीच ती ओळ महत्त्वाची आहे. स्वतःच्या नोंदींसाठीही तीच पद्धत घ्या. तीस-चाळीस किलोमीटरचा एक रस्ता निवडा, किलोमीटरचा दगड, दिशा, पाण्याची स्थिती लिहून ठेवा आणि पक्ष्यांच्या याद्या ई-बर्डवर नोंदवा, म्हणजे त्या अभ्यासकांनाही वापरता येतील. पहिले प्रकरण दसाड्यापासून सुरू होते. गाडीची स्टेपनी तपासून घ्या आणि डिसेंबरचा दुसरा आठवडा मोकळा ठेवा.